बोलकं हँडवॉश स्टेशन: गाणं हात दिसल्यावर नको, साबण दाबल्यावर वाजू दे

पहिली-दुसरीतल्या मुलाला हात का धुवायचे ते तोंडपाठ असतं. जंतू, जंत, जुलाब, सगळं घडाघडा सांगता येतं. १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो. त्या दिवशी रांगेत उभं राहून, साबणाचा भरपूर फेस करून फोटोही निघतात. १६ तारखेला तेच मूल शौचालयातून येतं, बोटांची टोकं पाण्याखालून फिरवतं आणि चड्डीला हात पुसून वर्गात पळतं. म्हणजे अडतं ते माहितीपाशी नाही. हातावरची घाण दिसत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी साबण आठवत नाही, या दोन जागी अडतं.

तंत्रज्ञानाला करता येण्याजोगी कामं इथेच आहेत: न दिसणारं दाखवणं, वेळेवर आठवण करून देणं, आणि कोणी बघत नसताना काय घडतं ते मोजणं. शाळेत नळापाशी बसवलेले बहुतेक बोलके डबे, म्हणजे हात धुताना गाणं वाजवणारी यंत्रं, यातलं फक्त मधलं काम करतात, आणि तेही चुकीच्या क्षणी.

पण त्याआधी नळाला पाणी हवं आणि नळाजवळ साबण हवा. अनेक शाळांत साबण ऑफिसच्या कपाटात असतो, कारण बाहेर ठेवला की मुलं तरी नेतात नाहीतर कावळे. वडी नेटच्या पिशवीत घालून नळाला बांधली की दोघांचाही बंदोबस्त होतो. पहिलीतल्या मुलाला टाचा न उचलता नळ फिरवता आला पाहिजे. नसेल येत, तर पुढचा सगळा खर्च फुकट आहे. आधी विटांचा ओटा बांधा.

न दिसणारं दाखवायचं कसं

यासाठी अतिनील (यूव्ही) प्रकाशात चमकणारं जेल किंवा पावडर मिळते. मुलाच्या तळहातावर वाटाण्याएवढं जेल घ्या आणि क्रीमसारखं दोन्ही हातांना, नखांपर्यंत चोळायला लावा. साध्या उजेडात काहीच दिसत नाही. मग नेहमीसारखे हात धुऊन यायला सांगा आणि अतिनील टॉर्चखाली दाखवा. जिथे साबण पोचला नाही तिथे हात चमकतो. बहुतेकांच्या बाबतीत जागा त्याच निघतात: अंगठा, बोटांची टोकं, बोटांच्या फटी आणि हाताची मागची बाजू.

टॉर्च ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची घ्या. स्वस्तातली बहुतेक ३९५ची असते. तिचा जांभळा उजेड डोळ्यांनाच इतका दिसतो की चमक त्यात बुडून जाते. निर्जंतुकीकरणासाठी विकले जाणारे यूव्ही-सी दिवे मात्र चुकूनही वापरू नका, त्यांनी त्वचा आणि डोळे भाजतात. टॉर्चसाठी पुठ्ठ्याचा मोठा खोका पुरतो. वरच्या बाजूला टॉर्चचं तोंड खाली करून बसवा, समोर हात घालायला भोक पाडून त्यावर काळ्या कापडाचा पडदा लावा आणि बघायची फट तिरकी ठेवा, म्हणजे टॉर्च थेट डोळ्यांत येणार नाही. एका मुलाला पाच-सात सेकंद पुरतात. आत हात घालताना बाही वर करायला सांगा. कपड्यांच्या पावडरीत उजळपणा देणारे पदार्थ असतात, त्यामुळे पांढरा सदरा हातापेक्षा जास्त चमकतो आणि सगळा वर्ग सदऱ्याकडेच बघत बसतो.

जेल विकत घ्यायचं नसेल तर इंटरनेटवर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीचा उपाय सापडतो. त्यातलं रायबोफ्लेविन पिवळसर हिरवं चमकतं हे खरं. पण ते पाण्यात विरघळतं, म्हणजे नुसत्या पाण्याने निघून जातं. मूल काय शिकेल? की साबण लागत नाही. त्यापेक्षा घरातली हळद बरी. दोन चहाचे चमचे खोबरेल तेलात पाव चमचा हळद कालवा आणि प्रत्येकाच्या हातावर आठ-दहा थेंब द्या. आधी नुसत्या पाण्याने धुवायला लावा. तेल आणि हळद जागची हलत नाही. मग साबण द्या. साबण अल्कधर्मी असल्यामुळे हळद लालसर होते आणि फेसाबरोबर निघू लागते. हळदीत चुना घातला की लाल कुंकू होतं, त्यामागची क्रिया हीच, हेही जाताजाता सांगून टाका. नखांवर थोडा पिवळा डाग उरतो, तो रंग आहे, मळ नव्हे. या प्रयोगाला टॉर्च लागत नाही, अंधार लागत नाही.

इथे दोन गोष्टी सांभाळा. मुलं हमखास विचारतात, “हे चमकतंय ते जंतू का?” उत्तर स्पष्ट द्या: नाही, जंतूंच्या जागी आपण हे लावलंय. चमक नाही म्हणजे जंतू नाहीत असाही समज होऊ देऊ नका. दुसरं, पहिला हात बाईंनी किंवा गुरुजींनी घालावा. मोठ्यांचाही अंगठा चमकतो हे दिसलं की कोणाला चिडवायची सोय उरत नाही. हाताला जखम, खरूज किंवा गजकर्ण असलेल्या मुलाला जेल लावू नका. त्याला निरीक्षक करा: कागदावर हाताची आकृती काढून चमकलेल्या जागा रंगवायचं काम त्याचं.

जंतू पसरतात कसे हे दाखवायचं असेल, तर सकाळी खडूच्या डबीवर किंवा चेंडूवर चिमूटभर पावडर लावून ठेवा. अर्ध्या तासाने बाकं, दाराची कडी आणि मुलांचे गाल टॉर्चखाली बघा. गालांपाशी वर्ग शांत होतो. टॉर्च गालावर धरताना डोळे मिटायला सांगा.

आठवण, पण कशावर?

ठिकठिकाणच्या प्रयोगांतून इथे बरंच शिकता येतं. बांगलादेशातल्या ग्रामीण भागातल्या दोन प्राथमिक शाळांत शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत वाट काढली, वाटेवर पावलांचे आणि नळापाशी हातांचे ठसे रंगवले. ना वीज, ना गाणं, ना वेगळा धडा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शौचालयानंतर साबणाने हात धुण्याचं प्रमाण ४ टक्क्यांवरून दुसऱ्याच दिवशी ६८ टक्क्यांवर गेलं आणि सहा आठवड्यांनी ७४ टक्के होतं. ऑइलपेंटचा एक डबा आणि रविवारची एक दुपार. कुठलंही यंत्र विकत घेण्याआधी हे करा.

दुसऱ्या टोकाला ‘पेपे’. ग्लासगो विद्यापीठ आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांच्या संशोधकांनी केरळातल्या वायनाडमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत नळावरच्या भिंतीवर हा हिरवा, पंजाच्या आकाराचा रोबोट लावला होता. हलणारे डोळे, आणि तोंडाच्या जागी छोटा पडदा. हात धुण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी २०१९ मध्ये मांडलं. पण पेपेला आडून माणूस चालवत होता. कोणतं मूल काय करतंय ते बघून योग्य वाक्य योग्य वेळी तोच बोलायला लावत होता. हजार-दीड हजाराच्या डब्याकडून ही अपेक्षा करता येत नाही.

अशा डब्यांची खरी गोची इथेच होते. बाजारातले आणि विज्ञान प्रदर्शनांतले बहुतेक नमुने नळासमोर हात आला की वाजतात. सेन्सरला हात दिसतो, साबण दिसत नाही. मूल सेन्सरसमोर पंजा हलवतं, गाणं वाजतं, “शाब्बास!” ऐकू येतं आणि हात कोरडाच राहतो. आठवड्याभरात सगळी शाळा शिकते ती सेन्सर फसवायला. शिवाय पाणी उडालं की अल्ट्रासोनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणाऱ्या) सेन्सरच्या जाळीत थेंब अडकतात आणि अंतर भलतंच दिसतं. इन्फ्रारेडचा सेन्सर दुपारच्या उन्हात आंधळा होतो.

उपाय सोपा आहे: शाबासकी साबणाच्या पंपाला जोडा. पंप दाबला तरच गाणं. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात संशोधकांनी घरोघरी दिलेल्या साबणाच्या डिस्पेन्सरमध्ये असाच सेन्सर लपवला होता, तो प्रत्येक दाबाची वेळ नोंदवायचा. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. हाताशी डिस्पेन्सर आणि साबण आल्यानेच मुलांचे जुलाब कमी झाले.

जोडणी

जवळच्या हायस्कुलात अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर आठवी-नववीच्या मुलांना हे दोन शनिवारांत जमतं. लागणारं सामान: आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), डीएफप्लेअर मिनी (कार्डावरचं गाणं वाजवणारा बोर्ड), ८ ओहमचा ३ वॉट स्पीकर, मायक्रो एसडी कार्ड, रीड स्विच, छोटं निओडिमियम चुंबक, फेस काढणाऱ्या पंपाची बाटली आणि झाकणाचा वॉटरप्रूफ वायरिंग बॉक्स.

रीड स्विच म्हणजे काचेच्या नळीतल्या दोन पात्या. चुंबक जवळ आलं की त्या जुळतात. चुंबक पंपाच्या दाबायच्या टोपीखाली ॲराल्डाइटने चिकटवा, स्विच बाटलीच्या मानेवर. नळी उष्णतेने आकसणाऱ्या स्लीव्हमध्ये बंद करा, म्हणजे ओल्या भागात उघडं काहीच राहत नाही. जागा अशी ठरवा की पंप तळापर्यंत गेला तरच पात्या जुळाव्यात. चुंबक फार जवळ असेल तर बाटली हलवली तरी गाणं लागतं, आणि मुलांना हे पहिल्याच सुट्टीत कळतं. स्विचच्या तारा चिमट्याने काचेलगत वाकवू नका, नळी तडकते.

स्विचचं एक टोक नॅनोच्या २ नंबरच्या पिनला आणि दुसरं ग्राउंडला लावा. प्रोग्राममध्ये आतला पुल-अप (स्विच उघडा असताना पिनचा व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू करा आणि ५० मिलिसेकंदांपेक्षा छोटे धक्के सोडून द्या. मूल पंप दोन-तीनदा दाबणारच, म्हणून दहा सेकंदांतले सगळे दाब मिळून एक धुणं मोजा, आणि गाणं चालू असताना ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ देऊ नका. बोअरची मोटर चालू झाली की गाणं आपोआप वाजायला लागलं तर भुताटकी समजू नका. लांब तारेत मोटरचा झटका शिरतोय. बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप आणि पिन-ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला की थांबतं.

डीएफप्लेअरच्या आरएक्स (आज्ञा घेणाऱ्या) पिनकडे जाणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर स्पीकर सतत गुणगुणतो. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ फॉरमॅटचं हवं. फाइलींची नावं चार इंग्रजी अंकांत (शून्य-शून्य-शून्य-एक अशी) द्या आणि त्या एकेक करून, क्रमाने कॉपी करा. काही वेळा हा प्लेअर नावापेक्षा कॉपी केल्याचा क्रम मानतो, आणि मग अंगठ्याच्या जागी नखांची ओळ वाजते. वीज दिल्यावर त्याला जागं व्हायला दोनेक सेकंद लागतात, तोवर दिलेली आज्ञा वाया जाते.

विजेचं एकच कडक पथ्य: २३० व्होल्टची तार नळाच्या आसपास येता कामा नये. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर वर्गात, कोरड्या भिंतीवर लावा. बाहेर जाईल ती फक्त ५ व्होल्टची तार. वीज बेभरवशाची असेल तिथे पॉवर बँक लावायचा मोह होतो, पण ही जोडणी नुसती वाट बघत असताना जेमतेम ४०-५० मिलिअँपियर घेते. एवढ्या कमी वापराला बहुतेक पॉवर बँका फोन चार्ज झाला समजून बंद पडतात. त्याऐवजी संरक्षण सर्किट असलेला १८६५० आकाराचा लिथियम सेल आणि त्याचा व्होल्टेज वाढवून ५ करणारा बूस्टर घ्या. २५०० मिलिअँपियर-तासांचा सेल रोज सहा तासांच्या शाळेला तीनेक दिवस पुरतो.

बॉक्समध्ये तार खालून आत घ्या आणि आत जाण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच टपकतं. स्पीकरची भोकं खालच्या बाजूला पाडा आणि आतून बारीक जाळी लावा. पाण्याप्रमाणेच मुंग्या आणि पालीही बोर्डं खराब करतात.

फेसाच्या पंपात घट्ट हँडवॉश भरला तर जाळी दोन दिवसांत तुंबते. एका भागाला चार भाग उकळून गार केलेलं पाणी घाला. पातळ केलेलं मिश्रण आठवड्यात संपेल एवढंच करा, कारण त्यातलं परिरक्षकही (हँडवॉश खराब होऊ न देणारं रसायन) पातळ झालेलं असतं. बोअरचं पाणी जड असेल तर फेस कमी येतो. मग तीन भाग पाणी घाला.

आवाजात काय असावं

गाणं म्हणजे इथे घड्याळ आहे. साबण लावून निदान २० सेकंद चोळायचं असतं. त्याचे चार-चार सेकंदांचे पाच तुकडे करा: तळहात, हाताची पाठ, फटी, अंगठे, नखं. प्रत्येक तुकड्यात त्या अवयवाचं नाव यायलाच हवं. नुसती छान चाल असेल तर मूल २० सेकंद तळहातच चोळत राहतं. तुकड्यांच्या आधी “नळ बंद कर” आणि शेवटी “आता नळ सोड”. नळाचा हिशोब करून बघा. मिनिटाला ६ लिटर सोडणारा नळ ४० सेकंद उघडा राहिला तर ४ लिटर जातात. चोळताना बंद ठेवून भिजवायला पाच आणि धुवायला दहा सेकंद धरले तर दीड लिटर. शंभर मुलांमागे हा फरक अडीचशे लिटरचा आहे. टँकरच्या गावात त्यावरच यंत्र राहणार की जाणार हे ठरतं.

आवाज शाळेतल्याच पाचवीच्या मुलामुलींचा घ्या, आणि बोली गावची ठेवा. मेळघाटातल्या कोरकू मुलांना आणि नंदुरबारातल्या भिल्ल मुलांना पहिलीत पुस्तकी मराठी परकी असते. त्यांच्या घरच्या भाषेत रेकॉर्ड करायला जास्त पैसे लागत नाहीत. तीन वेगळी रेकॉर्डिंग करून आलटून पालटून लावा. एकच आवाज पंधरवड्यात कानाआड होतो.

जेवणाच्या सुट्टीचा पेच

शालेय पोषण आहाराच्या वेळी हे यंत्र कोलमडतं, आणि ते बसवणाऱ्यांच्या बहुधा लक्षात आलेलं नसतं. साठ मुलं, प्रत्येकी ४५ सेकंद, बोलका नळ एक: पंचेचाळीस मिनिटं. तोवर खिचडी गार होते, आणि मागची वीस मुलं हात न धुता ताटावर बसतात. चार नळ असले तरी सव्वाअकरा मिनिटं लागतात. म्हणून जेवणाआधी सामुदायिक धुणं करा. भोकं पाडलेला लांब आडवा पाइप, किंवा तांब्याने पाणी घालणारी दोन मोठी मुलं, आणि एकाच स्पीकरवर सगळ्या रांगेसाठी एक गाणं. फिलिपिन्समधल्या सरकारी शाळांत असं रोजचं सामुदायिक हात धुणं मोठ्या प्रमाणावर चालतं. पंपाला जोडलेलं बोलकं स्टेशन शौचालयाबाहेर ठेवा. तिथे मुलं एकेकटी येतात, बाई नसतात, आणि आठवण करून देणाऱ्याची गरज तिथेच असते.

यंत्राला गप्प करत जा

सवय यंत्रावर टांगून राहू नये म्हणून पहिल्यापासून उतरणीचं वेळापत्रक ठरवा. पहिले तीन आठवडे पूर्ण गाणं. पुढचे तीन आठवडे सुरुवातीला एक टिंग आणि वीस सेकंदांनी दुसरी, मधलं मुलांनी मनात म्हणायचं. त्यानंतर पाचातून एकदाच गाणं. गाणं बंद झाल्यावर प्रमाण किती घसरतं, त्यावरून सवय किती मुरली ते कळतं.

ते कळायला नोंद हवी. वहीतली नोंद भरवशाची नसते, कारण कोणी बघत असलं की सगळेच हात धुतात. नॅनोला घड्याळाचं मॉड्यूल (डीएस३२३१) आणि नोंदीसाठी दुसरं कार्ड जोडा, प्रत्येक धुण्याची वेळ त्यावर उतरते. शौचालयाच्या दारालाही एक रीड स्विच लावला तर खरा आकडा मिळतो: दार उघडल्यानंतर दोन मिनिटांत किती वेळा साबण दाबला गेला. एक मूल आत जाताना आणि बाहेर येताना दार दोनदा उघडतं, म्हणून दाराची संख्या निम्मी धरा. दिवसात दार ८० वेळा उघडलं आणि त्या वेळांत साबण १८ वेळा दाबला, तर प्रमाण ४५ टक्के. एवढं इलेक्ट्रॉनिक्स नको असेल तर दर शनिवारी बाटलीत किती साबण उरला ते मोजपात्राने मोजा आणि हजेरीने भागा. साबणाची वडी वजन करायची असेल तर रात्रभर वाळवून करा, ओली वडी फसवते.

हात धुण्याच्या पायऱ्या ओळखणारे कॅमेरेही आले आहेत. शाळेत, तेही शौचालयापाशी, कॅमेरा नको. कोणत्या मुलाने हात धुतले नाहीत हे आपल्याला कळायची गरजही नाही, शाळेचा आकडा पुरेसा आहे. मुलांचं नाव, चेहरा किंवा ठसा साठवणाऱ्या कुठल्याही उपकरणाला किंवा ॲपला २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने पालकांच्या संमतीची अट घातली आहे. १८ वर्षांखालचे सगळे त्यात येतात. बक्षिसांच्या तक्त्यावर मुलांची नावं लावायचाही मोह टाळा. ज्याच्या घरी पाणीच नाही ते मूल तिथे कायम शेवटी राहतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सेल काढून ठेवा, पंप साध्या पाण्याने पाच-सहा वेळा दाबून जाळी मोकळी करा आणि बॉक्सची भोकं टेपने बंद करा. जूनमध्ये शाळा उघडली की आधी घड्याळाची तारीख तपासा. ती भलतीच निघाली तर मॉड्यूलमधला नाण्यासारखा सेल बदला, नाहीतर वर्षभराच्या नोंदी चुकीच्या तारखांवर पडतात.